डाव्या बाहीवरचं फूल

नोव्हेंबर महिना मला मेला कधीच आवडला नाही. थंडी, चिखल, दुपारी चारलाच अंधार, हे सगळं मी सोसते. पण ते कागदाचं लाल फूल आलं की माझं डोकं उठतं. युद्धात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या आठवणीचं फूल. कोटावर लावलं तर अर्धं गाव बघतं, नाही लावलं तर उरलेलं अर्धं. आमच्या उत्तर आयर्लंडातल्या टायरोनमध्ये जन्मलेल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

माझी शेजारीण हेझेल दरवर्षी दुकानाच्या दारात ही फुलं विकायला उभी राहते. मी येताना दिसले की ती हातातला डबा हळूच पाठीमागे नेते आणि पावसाबद्दल बोलते. मीही पावसाबद्दल बोलते. ती प्रॉटेस्टंट, ब्रिटनला आपलं म्हणणारी, आणि आम्ही कॅथलिक. इतकी वर्षं शेजार टिकलाय तो असाच.

आणि यंदा ते फूल थेट माझ्या स्वयंपाकघरात आलं.

झालं असं की आमच्या लेकीची, डर्व्हलाची, उत्तर आयर्लंडच्या फुटबॉल संघात निवड झाली, आणि नुसती निवड नाही, तर पहिल्यापासून मैदानात उतरणार होती. सीमेपलीकडच्या, स्वतंत्र आयर्लंडच्या संघात का नाही गेलीस म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांनी तिला आधीच टोचून घेतलं होतं. तिने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की यांनी बोलावलं, त्यांनी नाही. पोरगी तशी सरळ आहे. पण सामना आला तो नेमका नोव्हेंबरात, स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी शर्टाच्या डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली, काळी पट्टी शिवलेली असणार होती आणि पट्टीवर ते फूल.

प्रशिक्षक बाईंनी सगळ्या मुलींना सांगितलं होतं म्हणे, की जिला नको असेल तिने शुक्रवारपर्यंत सांगावं, तिला पट्टी नसलेला शर्ट मिळेल, कोणी काही विचारणार नाही. कोणी काही विचारणार नाही! दहा जणींच्या बाहीवर फूल आणि एकीची बाही रिकामी, टीव्हीवर, आणि तिचं नाव डर्व्हला, ऐकताच कॅथलिक कळणारं. न विचारताच सगळ्यांना सगळं कळणार.

रविवारी चर्चमधली मास आटपून आल्यावर ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आई, तू सांग, काय करू?"

मी बटाट्याच्या पोळ्या भाजत होते. म्हटलं, बाबांना विचार. ती म्हणाली, बाबांना कसं विचारू? आणि तेही खरंच होतं.

तिच्या बाबांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मॅलकीचा थोरला भाऊ यूजीन. एकोणीस वर्षांचा होता. सायकलवरून घरी येत होता आणि चौकीवरच्या एका ब्रिटिश सैनिकाने त्याला गोळी घातली. थांब म्हटलं होतं, तो थांबला नाही, असं ते म्हणाले. यूजीनला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मॅलकी तेव्हा बारा वर्षांचा. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी लग्नानंतर एकदाच बोलला, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

ही झाली त्याच्या घरची बाजू. माझ्या घरचं त्रांगडं वेगळंच. माझे आजोबा, आईचे वडील फेलिक्स, पहिल्या महायुद्धात त्याच सैन्यात लढले. तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण गेले होते, पोटासाठी गेले, कुणी कुणी विश्वासानेही गेले. परत आले तेव्हा देशाचं वारंच ब्रिटिशांविरुद्ध फिरलं होतं आणि त्यांच्याच गल्लीत कोणी त्यांच्याशी धड बोलेना. पदक चहाच्या डब्यात गेलं ते कायमचं. पुढे माझी आई वारली आणि मी तिचा चर्चचा कोट आवरायला काढला, तेव्हा कॉलरच्या आतल्या बाजूला बोटाला टाचणी लागली. उलटून बघते तर लाल फूल. आत, खाली तोंड करून, कोणाला दिसणार नाही असं लावलेलं. आणि शेजारी जुन्या टाचण्यांची भोकं, दर वर्षाची. आईच्या बाबतीत मला सगळं माहीत आहे अशा समजात मी होते. तिने ते भीतीने लपवलं की जपून ठेवलं, मला आजवर कळलेलं नाही.

हे सगळं मी डर्व्हलाला सांगितलं आणि सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिला काहीच सांगितलं नाही. पोळी मात्र करपली.

तेवढ्यात मॅलकी आत आला. त्याने दारातूनच ऐकलं असावं. हात धुतले, खुर्ची ओढली, करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, फेलिक्ससाठी फूल लावणार असतील तर त्याचं काही म्हणणं नाही, फेलिक्स भला माणूस होता.

"पण फूल एकच आहे ना, डिंपना," तो म्हणाला. "ज्याने यूजीनला मारलं, तो मेला की त्याच्यासाठीही हेच."

डर्व्हला खाली बघत होती. तो तिला म्हणाला, तू घाल नाहीतर नको घालू, तुझं तू ठरव, मी रागावणार नाही. फक्त मला तिथे बसून ते बघवणार नाही. एवढं बोलून तो टँकरची चाकं बघायला बाहेर गेला. दुधाचा टँकर चालवतो तो. चाकं सकाळीच बघून झाली होती.

डर्व्हला रडली नाही, पण तिचा चेहरा एवढासा झाला. कारण तिने बाबांशिवाय एकही सामना खेळलेला नाही. सात वर्षांची असल्यापासून हा माणूस मैदानाच्या कडेला उभा. पाऊस असो, गारा असोत. पहिला शर्ट तिला चुलतभावाचा मिळाला होता, बाह्या बोटांच्याही खाली लोंबायच्या, तर हा दर सामन्याआधी गुडघ्यावर बसून तिच्या बाह्या दुमडून द्यायचा. मापाचे शर्ट आले तरी सवय गेली नाही. आता ती स्वतः दुमडते, खेळ सुरू झाला की दोन्ही बाह्या कोपराच्या वर.

तिने शुक्रवारपर्यंत प्रशिक्षक बाईंना काय सांगितलं ते आम्हाला कळवलं नाही. मीही विचारलं नाही. मला कुठलं उत्तर ऐकायचं होतं तेच मला ठरवता येत नव्हतं. एकदा वाटायचं, घालू दे, आईच्या कॉलरमागचं फूल एकदाचं उजेडात येईल. लगेच वाटायचं, यूजीनच्या फोटोखालून मी रोज ये-जा करते, त्याला काय सांगू? रागही यायचा, सगळ्यांचाच. मेलेल्यांची आठवण काढायची तर मनात काढा की. फुटबॉल खेळणाऱ्या पोरींच्या बाह्या कशाला हव्यात त्यासाठी?

शनिवारी मॅलकी खरोखरच निघाला नाही. मला एकटीला गाडी चालवत बेलफास्टला जायचं धाडस नव्हतं, तर हेझेल म्हणाली, मी नेते. तिच्या कोटावर फूल, माझ्या कोटावर नाही. वाटेभर आम्ही पावसाबद्दल बोललो, आणि पाऊस तर नव्हताच. शेवटी तिने हॅमचे सँडविच काढले आणि म्हणाली, "हे बघ, ती घालो वा न घालो, मी तिच्यासाठीच ओरडणार आहे." मला भरून आलं. मी सँडविच खाल्लं.

संघ रांगेत उभा राहिला. मी डोळे बारीक करून बघितलं. डर्व्हला कडेला, बाह्या मनगटापर्यंत खाली, आणि डाव्या बाहीवर पट्टी. फूल होतं. हेझेलने माझा हात दाबला. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी नकोसंही, दोन्ही एकदम. मग श्रद्धांजलीसाठी सगळं मैदान शांत झालं. त्या शांततेत मी फेलिक्सचं नाव घेतलं, मग यूजीनचं घेतलं, आणि दोघांचीही मनात माफी मागितली. कशाबद्दल ते मला विचारू नका.

मग सहज मान वळवली तर जिन्याशी, शेवटच्या पायरीवर मॅलकी उभा. बसने आला असणार. टोपी हातात होती. पोरीकडे बघत होता आणि चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिनेही त्याला बघितलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शिट्टी वाजली आणि डर्व्हलाने धावता धावता दोन्ही बाह्या दुमडल्या. कोपराच्या वर. फूल घडीत गेलं.

माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस लगेच म्हणाला, बघा, लपवलं. त्याच्या शेजारचा म्हणाला, फोटोपुरतं दाखवलं आणि काम झालं. हळूहळू ते पसरलं. चेंडू तिच्याकडे आला की एका बाजूने हुर्यो उडायला लागली. आणि दुसऱ्या कोपऱ्यात काही पोरं होती, ती फूल लपवलं म्हणून तिच्या नावाने टाळ्या पिटायला लागली, त्याचं तर मला अजून वाईट वाटलं. हेझेल मागे वळली आणि त्या माणसाला म्हणाली, अहो, लहानपणापासून दुमडते ती बाह्या, मी शेजारी राहते तिच्या. हेझेल वळून बसली, थोडा वेळ सामना बघितला आणि मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "दुमडते ना गं नेहमी?"

"दुमडते," मी म्हटलं. पण माझीही खात्री हलली होती. एरवी ती शिट्टीच्या आधी दुमडते की नंतर? बाबांना बघून दुमडली की सवयीने? जिला मी जन्म दिला तिच्या बाहीबद्दल मला काही सांगता येईना.

सामना बरोबरीत सुटला. ती चांगली खेळली, एक गोल तिच्याच पासवरून झाला, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही. संपल्यावर मुली कठड्याशी आल्या, आपापल्या घरच्यांना भेटायला. मी आणि हेझेल खाली उतरलो. मॅलकी आमच्या आधी पोहोचला होता. लोकांनी फोन उगारले होते, फोटोवाले धावत येत होते, आणि एक जण वरून ओरडत होता, बाही खाली कर म्हणून.

डर्व्हला धापा टाकत म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम नाही केलं. म्हणजे... मला नाही माहीत."

मॅलकी पुढे वाकला. त्याने कठड्यावरून तिचा डावा हात हातात घेतला आणि दुमडलेली बाही सोडायला लागला. एक घडी, मग दुसरी, सावकाश, लहानपणी दुमडून द्यायचा तसाच, पण उलटा. काळी पट्टी बाहेर आली, फूल बाहेर आलं. ज्या माणसाला ते बघवत नव्हतं त्याने स्वतःच्या बोटांनी बाही मनगटापर्यंत ओढली, सुरकुती नीट केली. मग त्याने आपला पंजा त्या पट्टीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. डर्व्हलाने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. फोटो निघत राहिले. माझ्याशेजारी हेझेल रडत होती आणि रुमाल माझ्याकडे मागत होती.

सोमवारी दोन्ही वर्तमानपत्रांत तोच फोटो आला. आम्ही घेतो त्यात म्हटलं होतं की बापाने मुलीच्या बाहीवरचं फूल हाताने झाकलं. हेझेलकडे येतं त्यात होतं की बापाने मुलीला फूल दाखवायला लावलं. हेझेल आपलं वर्तमानपत्र घेऊन आली, मी आमचं तिच्यासमोर ठेवलं, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ ते दोन फोटो बघत बसलो. पंजा तोच, बाही तीच. बघावं तसं दोन्ही खरं वाटत होतं.

मॅलकी कामावरून आला, चहा ओतून घेतला. मी दोन्ही वर्तमानपत्रं त्याच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, आता तू सांग बाबा, यातलं खरं काय? इतकी वर्षं मी या माणसाला काही विचारलं नव्हतं, पण या वेळी मला राहवेना. हेझेलनेही कप खाली ठेवला.

त्याने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. वाचलं नाही, फक्त फोटो बघितला.

"तिचा हात गार पडला होता," तो म्हणाला.