दाराचं मनोगत

“लिहिलंय छानच हो पोरीनं,” वडील म्हणाले. “फक्त ते काढून टाका.”

शिक्षकांच्या खोलीत भाषेच्या बाई आणि ते, दोघंच होती. वडिलांच्या मोबाईलवर वर्गाचा ब्लॉग उघडा होता.

ब्लॉग म्हणजे बाईंचा जीव की प्राण. निवृत्तीला टेकल्यावर हे काय नवं खूळ, म्हणून सहकारी हसायचे, पण जी पोरं वहीत चार ओळी लिहिताना रडायची ती ब्लॉगवर पानं भरू लागली होती. या खेपेला बाईंनी धड्यातल्या कथेतल्या घराची एखादी वस्तू होऊन मनोगत लिहायला सांगितलं होतं. कुणी खुर्ची झालं, कुणी आरसा. एका मुलीनं दार निवडलं. वर्गात तिला चिडवून ‘रेडिओ’ म्हणायचे, कारण ती तोंडच उघडत नसे. तिच्या दारानं लिहिलं होतं, ‘मला कडी बाहेरून आहे. आतली मुलगी रडते, ते सगळं मला ऐकू येतं.’

बाई हरखल्या. लेख त्यांनी ब्लॉगवर सगळ्यात वर लावला आणि ‘काय ही कल्पनाशक्ती!’ असं लिहून पालकांच्या ग्रुपवरही टाकला.

“आमच्या घराबद्दल लोक काय म्हणतील?” वडिलांनी विचारलं.

“अहो, पण हे कथेतलं घर आहे. तुमचं नाव कुठंय यात?”

वडील हसले. “तेच म्हणतोय मी. लोकांचं काय, काहीही वाटतं त्यांना.”

कथेतल्या घराला हे ‘आमचं घर’ का म्हणाले, ते बाईंना कळलं. त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“पुरावा काय आहे तुमच्याकडे? नसती भानगड नको,” ते म्हणाले. “काढा आणि मोकळ्या व्हा.”

बाईंनी लेख काढला. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आपण कौतुक करायच्या नादात पोरीला उघडं पाडलं आणि वर तिचं तोंडही बंद केलं, हे बाईंना आता लख्ख कळलं. त्यांना स्वतःची चीड आली.

शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी निघाल्या. मुलांच्या कच्च्या लेखांसाठी प्रत्येकाचं एक वेगळं पान होतं, त्यावर बाई चुका दाखवायच्या; मुलांना ते फक्त शाळेनं दिलेल्या टॅबवरच उघडता यायचं. फाटकाशी थांबून त्यांनी मुलीच्या पानावर लिहिलं, ‘मी आले आहे. तू घरात आहेस का?’

दार वडिलांनीच उघडलं. “अरे, बाई! तुम्ही कशाला त्रास घेतलात? ती गेलीय मावशीकडे. लांब आहे, फोनसुद्धा लागत नाही तिथं.”

“आणि शाळेचा टॅब?”

“तो आहे की घरातच. उद्या आणून देतो.”

“घरात आत्ता आणखी कोण आहे?”

“मी एकटाच. का हो?”

बाईंनी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. पान कुणी उघडलं की कोपऱ्यात त्याचं नाव दिसायचं. तिथं मुलीचं नाव आलं होतं. अक्षर मात्र एकही उमटत नव्हतं.

“बरं, या मग,” वडील म्हणाले.

बाई पायरीवर बसल्या. आधी पानावर लिहिलं, ‘मी इथेच आहे.’ मग पोलिसांचा नंबर लावला.

“उठा बाई,” वडील म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता.

बाई उठल्या नाहीत.