खुंटीवरची रोटी

बुरुलला बंदूक चालवता यायला लागली, त्याच्या किती तरी आधी बंदुकीवर भाषण देता यायला लागलं होतं.

नारीन शहराच्या वरच्या डोंगरांत रानबोकडांच्या शिकारीला येणारे परदेशी पाहुणे तिच्या हवाली असत. पूर्वी ती तळावर नुसता स्वयंपाक करायची. नवरा गेल्यावर त्याची बंदूक आणि त्याच्या वाटा तिच्याकडे आल्या. पाहुणा परत निघाला, की आदल्या दिवशी ती त्याला समोर बसवून घ्यायची. "बंदुकीचा बोल्ट काढून वेगळा गुंडाळायचा, त्याच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी. काडतुसं वेगळ्या डब्यात. किल्ली स्वतःच्या गळ्यात, बायकोच्या पर्समध्ये नाही. आणि पेटी बंद करण्याआधी डोळ्यांनी बघायचं, हातानं चाचपायचं नाही. हात खोटं बोलतात."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. ते बोलून झालं, की ती जरा थांबायची. कुणी वहीत टिपून घेतलं तर तिचा तो दिवस छान जायचा.

तर अशी ही बुरुल या खेपेला स्वतः निघाली होती. हंगेरीची एतेल्काबाई तिच्याबरोबर तीनदा डोंगर चढून गेली होती. तिनं तिकीट पाठवलं. म्हणाली, "आता तू माझ्याकडे ये, रानडुकरं मारू." गावात बुरुल साळसूदपणे एवढंच सांगायची, "हंगेरीला जरा काम आहे." चार दिवसांत ही गोष्ट ठाऊक नसलेला जीव गावात एकच उरला, तो म्हणजे शाळेमागे बांधलेलं आंधळं खेचर. तेही कान टवकारू लागलं होतं.

एतेल्काबाईनं बजावलं होतं, "बंदूक आणू नकोस, माझ्याकडे कपाटभर आहेत." बुरुलनं बाणेदार उत्तर पाठवलं, "उसनी बंदूक म्हणजे उसने दात. दिसायला छान, पण चावता येत नाही." हे वाक्यही तिचंच. या एका वाक्यापायी तिनं इथला परवाना, तिथला परवाना, विमान बदलायचं तिथला परवाना, असे तीन परवाने मिळवले होते आणि दर खेपेला राजधानीचे हेलपाटे घातले होते.

निघायच्या दिवशी सासूनं रोटी भाजली. सासूला ती एने म्हणायची. प्रवासाला जाणाऱ्यानं रोटीचा एक घास तोडायचा आणि उरलेली खुंटीला टांगायची. परत येऊन ती संपवेपर्यंत रोटी त्याची वाट बघते, आणि तोही तिच्या ओढीनं येतो. एनेचा मुलगा, म्हणजे बुरुलचा नवरा, एकदाच घास न तोडता गेला होता. "एने, गार झालीय, आल्यावर खातो," म्हणाला होता. एने त्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त तेव्हापासून प्रवासाची रोटी ती गरमच ठेवायची.

पण एनेची रोटी ही एक वेगळीच चीज होती, वीतभर लांब, जाड आणि कडक. लग्न होऊन घरात आल्यापासून बुरुलचे निम्मे विनोद तिच्यावरच चालले होते. तळावर ती पाहुण्यांना सांगे, "लांडगा आला तर दगड शोधत बसू नका. सासूबाईंची रोटी आहे." एने ऐकायची आणि म्हणायची, "चावता येईना, रोटी वाकडी."

त्या सकाळी बुरुलनं घास तोडला. सोन्याचा दात जपून, कडेनं. उरलेली रोटी एनेनं पिठाच्या पोत्याच्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली. त्याच खिडकीत बोल्ट होता, तोही तसल्याच फडक्यात, कारण या फडक्याचा धागा सुटत नाही हा शोध बुरुलचा. बाहेर तिचा धाकटा दीर मुकाश गाडीचा भोंगा बडवत होता.

"वहिनी, विमान काय घोडं आहे का, बांधून ठेवायला?"

"आले रे! माणसानं निघताना घाई करू नये. पेटी कशी भरायची याची एक रीत असते," असं म्हणत बुरुलनं खिडकीतलं गाठोडं चाचपलं. कडक होतं, जड होतं; कोमट लागलं ते खिडकीतल्या उन्हानं, असं तिला वाटलं. पेटीतल्या बोल्टाच्या खाचेत ते जरा कोंबावं लागलं. फोम नवा आहे, अजून बसलेला नाही, असा तिनं अर्थ लावला. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. एनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं उरलेलं गाठोडं खुंटीला टांगलं आणि सुनेच्या कपाळाचा वास घेतला.

विमानतळावर शस्त्रं तपासायच्या खोलीत मेलिस नावाचा अधिकारी होता. दर वर्षी पाहुण्यांना सोडायला येणाऱ्या बुरुलला तो ओळखत होता.

"आज स्वतः होय, ताई? मग आज भाषण कोण देणार?"

"मीच देणार. ऐक," बुरुल म्हणाली. कुलूप उघडता उघडता तिनं सुरू केलं, "ही नळी रिकामी. हा काडतुसांचा डबा वेगळा. आणि हा बोल्ट."

तिनं रुबाबात फडकं सोडलं.

मग मेलिसनं हातमोजे काढले, रोटी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि फडक्यावर सुलटी ठेवली.

"ताई, इतक्या वर्षांत इतकं निरुपद्रवी हत्यार मी पाहिलं नाही."

"ही... ही बोल्टाच्या जागी..."

"बोल्टाच्या जागी रोटी आहे, एवढं मलाही दिसतंय. कागदावर बोल्टाचा नंबर लिहिलाय. हिच्यावर नंबर कुठे आहे?" तो वाकून बघायला लागला. "दाताची खूण आहे. जरा हसून दाखवा."

बुरुल खरोखर हसली. म्हणजे दात दाखवले.

"जुळतंय," मेलिस म्हणाला. "मालक तुम्हीच. पण पेटी अशी जायची नाही."

मागे उभ्या मुकाशनं तोंड फिरवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

"हस बाबा, मोकळेपणानं हस," बुरुल म्हणाली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान. आता गावात जाऊन सांग, वहिनी परदेशात डुकरांना रोटी घालायला चाललीय."

गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बोल्ट येईपर्यंत विमान पुढच्या देशात पोचलं असतं. आता दोनच मार्ग होते. रायफल सोडून जायचं आणि एतेल्काबाईच्या कपाटासमोर उसन्या दातांसाठी तोंड उघडायचं. किंवा मुकाशच्या गाडीत बसून घरी जायचं, आणि मग मरेपर्यंत त्या खेचरासमोरूनसुद्धा मान खाली घालून चालायचं. तिनं एनेला फोन लावला. मनात पहिलं वाक्य तयार होतं, 'एने, तुझ्या डोळ्यांचं आता काही तरी करायला हवं.' खोटं वाक्य होतं. गाठोडं तिनं स्वतः उचललं होतं, आणि तिचे डोळे तर ससाण्याचे.

"एने, खुंटीवरचं गाठोडं सोडून बघ."

बराच वेळ खुडबूड ऐकू आली.

"अगं बाई," एने म्हणाली. "तरीच मी म्हणत होते, आज रोटी फारच कडक झाली."

"तो बोल्ट आहे. चूक माझी आहे. इथे सगळे हसतायत. रायफल जात नाही."

"रायफल जाऊ दे खड्ड्यात. रोटी कुठाय?"

"माझ्याकडे."

"उंबऱ्याबाहेर नेलीस?" एनेचा आवाज एकदम बारीक झाला. "मग इकडे काय राहिलं तुझं? कशासाठी येशील तू?"

बुरुलच्या ओठांवर नेहमीचा विनोद येऊन बसला होता. तिनं तो गिळला. गळ्यातली किल्ली उगाच मुठीत धरली.

"एने, तू म्हणत असशील तर नाही जात. मुकाश इथेच आहे. रात्रीपर्यंत घरी येते."

खोलीतले तिघंही त्या फोनकडे बघत राहिले, जणू आता शिक्का एनेच मारणार होती.

"हे लोखंड," एने शेवटी म्हणाली, "माझ्या मुलाच्या बंदुकीचं ना?"

"हो."

"रोज रात्री पुसतेस तेच?"

"तेच."

"मग जा तू. मी हेच टांगते परत. माझ्या रोटीसाठी तू कधी धावत आलीस? ह्याच्यासाठी येशील. आणि ती रोटी टाकायची नाही, कुणाला द्यायची नाही, तशीच परत आणायची. चहात बुडवून खाशील. ऐकतेस ना?"

"ऐकते."

"आणि तिथे उसनी बंदूक घेताना लाजू नकोस. माझे दात गेल्यापासून मी तुझ्याच दातांवर जगतेय. मांस तू बारीक करून देतेस, मी गिळते. काही बिघडलं नाही माझं."

फोन ठेवल्यावर बुरुलनं उगाचच नाक शिंकरलं. मुकाशकडेही शिकारीचा परवाना होता. मेलिसनं सही घेऊन पेटी आणि काडतुसं त्याच्या ताब्यात दिली.

"वहिनी, निदान किल्ली तरी द्या," मुकाश म्हणाला. "का ती हंगेरीच्या डुकरांना दाखवायला नेताय?"

किल्ली काढून देताना तिची मान हलकी झाली, आणि आपण नुसती एक बाई दिसतोय असं तिला वाटलं. नवे बूट घातलेली, काखेत फडक्याचं गाठोडं घेतलेली बाई.

पुढे हातातल्या सामानाच्या तपासणीला रांग होती. रोटीचं गाठोडं पट्ट्यावरून यंत्रात गेलं आणि पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या पोरीनं मान तिरपी केली, पट्टा मागे घेतला, परत पुढे नेला.

"काकू, ह्यात काय आहे? फारच घट्ट दिसतंय. दगड आहे का?"

अशी संधी आयुष्यात एकदाच मिळते. बुरुलला पाच-सहा उत्तरं एकदम सुचली, आणि त्यातली दोन तर खरंच अप्रतिम होती.

"नाही गं," ती म्हणाली. "सासूबाईंच्या हातची रोटी आहे. परत न्यायचीय."