पट्टीला न कळलेली साखर

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मंचावर बाबा पाण्याच्या पेल्यावर हात धरून पुटपुटत होता. "साधं पाणी! माझ्या श्वासानं गोड झालं. मधुमेहींनो, पोटभर प्या!" मग लघवीतली साखर तपासायची पट्टी त्यानं पेल्यात बुडवली. पट्टी निळीच राहिली. "साखर असती तर हिरवी झाली असती. हे मी नाही, विज्ञान सांगतंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी बेकरीवाला. साखरेच्या पाकात वीस वर्षं गेली. सभेत वाटलेल्या त्या पाण्याच्या पहिल्याच घोटाला ओठ चिकटले आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

माझी थोरली बहीण मात्र गोळ्या बंद करून महिनाभर तेच पाणी पीत होती. सारखी तहान लागायची, पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती.

"ताई, हा पाक आहे गं."

"तुला कशातच चांगलं दिसत नाही. पट्टी काय खोटं बोलते?"

शेवटी हट्टानं तिला रक्त तपासायला नेलं. साखर चारशेच्या पुढे! प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ताईजवळच्या बाबाच्या पाण्याच्या बाटलीतला थेंब चाखला. "उद्या सभेला येते. बेकरीतलं यीस्ट आणा."

सभेत त्यांनी सगळ्यांसमोर पाण्यात साखर ढवळली आणि बाबाचीच पट्टी बुडवली. निळीच!

"घ्या, मलाही सिद्धी मिळाली." हशा पिकला. "ही पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. आपल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ती फसते. आपलं आतडं ती जोडी फोडतं. यीस्टही फोडतं."

त्यांनी बाबाच्या पेल्यात यीस्ट घातलं, आणि दुसऱ्या पेल्यातल्या साध्या पाण्यातही.

"पाणी बाटेल!" बाबा ओरडला.

"श्वासाचा गोडवा यीस्टला घाबरतो की काय?"

पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यातली पट्टी निळी होती. बाबाच्या पेल्यातली गडद हिरवी.

ताई लंगडत पुढे गेली. "म्हणजे महिनाभर मी साखर पीत होते?"

बाबा मागच्या दाराकडे बघत राहिला.

दोन महिन्यांच्या उपचारांनी ताईचा अंगठा वाचला. तुम्हाला एवढंच सांगतो: बाबा असो की आरोग्यपेयाची रंगीत बाटली, गोड लागलं की कशानं गोड आहे ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.