गुणाजीची खुर्ची

आपल्याकडे माणूस अंथरुणाला खिळला की त्याचं औषध आणायला एखादाच उठतो, पण समाचाराला सगळी चाळ येते. येणारा रिकाम्या हातानं येत नाही. तो केळी आणतो, खारी बिस्किटं आणतो, आणि सोबत आपल्या मेव्हण्याची हकीगतही आणतो. त्या मेव्हण्याचा पाय अस्साच मोडलेला असतो आणि तो मरेपर्यंत सरळ झालेला नसतो. मग चहा होतो, दोन-चार सुस्कारे होतात, आणि "हलू नका हं, पडून राहा" असं बजावून पाहुणा समाधानानं घरी जातो. कुणाच्या मनात वाईट नसतं, हे मीही मान्य करतो. पण लालबागच्या एका चाळीत ह्याच चांगल्या मनांनी एका धडधाकट माणसाचं काय करून ठेवलं, तेवढं ऐका आणि मग समाचाराला निघा.

गुणाजी परब गिरणीत साचेवाला होता. चार साचे, म्हणजे कापड विणणारे चार माग, एकटा सांभाळायचा. धागा तुटला की साच्याखाली उकिडवा बसून, अंग आत घालून तो जोडायचा आणि पुन्हा उभा राहायचा. पाळी सुटेपर्यंत अशी किती ऊठबस होई, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. गुडघे हीच त्याची कमाई होती म्हणा ना. बायको चंपा त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला होती. मूलबाळ नव्हतं, दोघांचं बरं चाललं होतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गुणाजीही उतरला. दिखाव्यासाठी नव्हे, अगदी मनापासून. लाठीमार झाला तेव्हा तो पळाला नाही. पुढच्या माणसाला उठवायला वाकला आणि लाठी बसली गुडघ्याच्या खाली. हाड मोडलं. परळच्या इस्पितळात मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि गुणाजी चाळीत परतला तो हिरो होऊनच. जिन्यात त्याच्यावर फुलं उधळली गेली, बायकांनी ओवाळलं. हे त्याच्या हक्काचं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. प्लॅस्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासून सांगितलं, "हाड छान जुळलंय. पण इतके दिवस बांधून ठेवल्यानं गुडघा आखडलाय. आता पुढचं काम माझं नाही, तुमचं. खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, टाच मागे ओढायची. दुखेल. दुखलं तरी ओढायची. रोज थोडं चालायचं. हे पहिले महिने वाया घालवलेत, तर गुडघा आहे तसाच धरून बसेल, आणि मग उकिडवं बसणं कायमचं विसरा." गिरणीतल्या जॉबरनंही, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, निरोप धाडला होता, की साच्यांवर तूर्त बदली कामगार घातलाय, तू खाली बसून उठायला लागलास की तुझे साचे तुझेच. म्हणजे गोष्ट सरळ होती. गुडघा वाकला तर साचे, नाही वाकला तर नाही.

गुणाजीनं दोन दिवस टाच ओढली. डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या राधाबाई नेमक्या त्याच वेळी दारात आल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "किती रे सोसतोस, गुणाजी! पोलिसांनी छळलं ते काय कमी झालं?" असं म्हणून त्यांनी त्याचा पाय उशीवर नीट ठेवून दिला आणि वाटीभर शिरा त्याच्या हातात दिला. शिरा गोड होता. टाच ओढणं कडू होतं. तुम्हीआम्ही काय निवडलं असतं?

त्यात मंडळाची खुर्ची आली. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाकडे पाहुण्यांसाठी ठेवलेली एक सागवानी, हातांची खुर्ची होती. चिटणीस अण्णा मोठा हिकमती माणूस. त्यानं खुर्चीला दोन बांबू बांधले, गुणाजीला त्यात बसवलं आणि चार जणांच्या खांद्यावरून त्याला सभेला नेलं. रस्त्यात लोक बाजूला होत, हात जोडत. मैदानावर खुर्ची थेट व्यासपीठावर ठेवली जाई, आणि अण्णा माइकवरून सांगे, "हा बघा, महाराष्ट्रासाठी पाय देणारा आमचा गुणाजी!" टाळ्यांनी मैदान दुमदुमून जाई. त्या वर्षी सभांना काय तोटा होता? आज लालबागला, उद्या परळला, परवा नायगावला. सभा आली की खुर्ची आली आणि खुर्ची आली की हार आला.

आता तुम्हीच सांगा, काठी टेकत लंगडत जाणाऱ्या माणसाला कोण खांद्यावर घेतं? हे गुणाजीला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याचं त्यालाच ते कळलं होतं. चंपा म्हणायची, आज माझ्या हाताला धरून जिन्यापर्यंत तरी चला. तो म्हणायचा, पुढच्या सभेनंतर बघू. दिवसभर खाटेवर लोळायचं, आल्यागेल्याबरोबर विड्या फुंकायच्या, भजी खायची, दुपारभर झोपायचं आणि संध्याकाळी लाठीमाराची गोष्ट पुन्हा सांगायची. प्रत्येक वेळी पोलीस थोडे वाढत. पोट सुटलं, मांडी मात्र वाळत चालली. गॅलरीच्या टोकाला संडास होता. सकाळ-संध्याकाळ चंपा त्याला खांद्याचा आधार देऊन, जवळजवळ उचलूनच तिथवर न्यायची, बाहेर थांबायची, परत आणायची, आणि मग गिरणीच्या भोंग्याला धावायची. तिच्या खांद्याला कुणी हार घातला नाही.

असे दिवस चालले असताना पावसाळ्यानंतर एक मोठी सभा ठरली. गिरणीतून बायकांचा मोर्चा परस्पर मैदानावर जाणार होता. मोर्चा सोडून तुम्हाला न्यायला येते, असं म्हणून सकाळी चंपानं विचारलं, "माझ्याबरोबर येतास? हळूहळू चालू. मध्ये बसू." गुणाजीनं तिच्याकडे बघितलंही नाही. खुर्ची येईल, म्हणाला.

संध्याकाळी तो धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, चाळीतल्या पोरांच्या आधारानं गॅलरीत येऊन बसला. चाळ हळूहळू रिकामी झाली. खालून घोषणा ऐकू आल्या. त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं, तर खुर्ची आली होती. पण तिच्यात शेजारच्या चाळीतला बुधाजी होता. गिरणीतल्या बॉयलरवर काम करणारा हा तरणा गडी आदल्याच आठवड्यात मोर्च्यावरच्या लाठीमारात सापडला होता आणि त्याच्या पायाला पांढरंशुभ्र, नवंकोरं प्लॅस्टर होतं. गुणाजीच्या पायाला आता दाखवण्यासारखं काय उरलं होतं? अण्णानं वर पाहिलं, हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "गुणाजी, तू पुढच्या सभेला हं!" मिरवणूक वळणावरून दिसेनाशी झाली.

गुणाजी तसाच बसून राहिला. आणि थोड्या वेळानं, व्हायचं तेच झालं, त्याला संडासाला लागली. चंपा मोर्च्यात, चाळीतली पोरं सभेत. त्यानं हाका मारल्या. मजल्यावर एकट्या राधाबाई होत्या. त्या दाराशी आल्या, त्यांनी त्याची अवस्था पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. "काय रे ही वेळ आली तुझ्यावर," म्हणाल्या. सत्तरीच्या म्हातारीकडून दुसरं काय होणार होतं? शेवटी तो भिंतीला धरून एकटाच उठला. इतक्या महिन्यांत प्रथमच. चार पावलं गेला, ताठ पाय लादीवरून घसरला आणि तो गॅलरीत आडवा पडला. पुन्हा उठायला गुडघा वाकेना. धुतलेलं धोतर तिथंच खराब झालं.

चंपा परतली तेव्हा तो तसाच पडलेला होता. आणि राधाबाई शेजारी बसून त्याला पदरानं वारा घालत होत्या.

चंपानं पदर खोचला. तिनं त्याला उठवलं, मोरीत नेऊन धुतलं, कोरडं नेसवलं, गॅलरी पुसली. मग ती जमिनीवर त्याच्यासमोर बसली. गुणाजीला बोलल्यावाचून राहवेना. अण्णा विसरला, लोक विसरले, असं त्याचं सुरू झालं. महाराष्ट्रासाठी मी पाय दिला, त्याची ही किंमत, असंही म्हणाला.

"दिलात मां?" चंपा म्हणाली. "मग दिलेली वस्तू रोज लोकांका दाखवतास कित्याक?"

त्यानं धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला.

"हाड पोलिसांनी मोडल्यानी. ता डाक्टरान जोडल्यान. पण हो गुडघो तुमीच मोडलात. खाटेवर बसान, शिरो खाऊन मोडलात. त्येचो आळ सरकारावर नको."

मग ती जे बोलली त्यात ओरडणं नव्हतं, म्हणूनच ते अधिक लागलं. ती म्हणाली, ज्यांचे नवरे ह्याच आंदोलनात पोलिसांच्या गोळीनं गेले त्या बायका आज मोर्च्यात माझ्या शेजारून चालत होत्या. कुणी त्यांना खुर्चीत बसवत नाही, सकाळी उठून त्या पाळीला येतात. तुम्ही जिवंत आहात, हे चाळीत एकानंही तुम्हाला सांगितलं नाही. सगळे तुम्हाला मेल्यासारखे हार घालतात आणि तुम्ही घालून घेता. मंडळाचे चार जण तुम्हाला सभेपुरते उचलतात. मी रोज उचलते, आणि मी एकटी आहे. उद्या माझी पाठ मोडली तर अण्णा माझ्यासाठी खुर्ची आणील का?

गुणाजीला रडू आलं. लाठी बसली तेव्हा तो रडला नव्हता. त्यानं पाय खाटेखाली सोडला आणि टाच मागे ओढायला घेतली. दातांवर दात आवळून ओढली. चंपा उठली, तिनं दार लावून घेतलं आणि ती चुलीकडे गेली, कारण आता बघणारं कुणी नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवी शिस्त आली. विड्यांचं बंडल मोरीत गेलं. भजी बंद झाली, दुपारची झोप बंद झाली. समाचाराला येणाऱ्याला गुणाजी म्हणे, बसू नका, माझ्याबरोबर गॅलरीच्या टोकापर्यंत चला. बरेच जण दुसऱ्या दिवशी आले नाहीत! राधाबाई मात्र आल्या. म्हातारी त्याच्या पुढे पुढे चालायची आणि तो तिला गाठायला बघायचा. कधी दोन दिवस बरे जात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा सुजून येई. मग तो चिडायचा, भांडी आपटायचा, आणि सूज उतरली की पुन्हा बसायचा. पुढं तो इस्पितळात पायी जाऊ लागला.

इथं मी तुम्हाला सांगायला हवं होतं, की गुडघा पूर्ण वाकला आणि गुणाजी साच्यावर गेला. खोटं कशाला सांगू? डॉक्टरांनी पाय हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, मेहनत चांगली केलीत, पण उशिरा केलीत. गुडघा निम्म्यावर येऊन थांबला तो थांबलाच. चालता येऊ लागलं, जिना चढता येऊ लागला, पण उकिडवं बसणं गेलं ते गेलंच. जॉबरनं वाट पाहून साचे बदलीवाल्याच्या नावे केले. गुणाजीला कापडखात्याच्या दारावर, आतबाहेर जाणाऱ्या गाठींवर नजर ठेवायचं काम मिळालं. बसून करायचं काम. त्यासाठी गिरणीनं त्याला एक खुर्चीही दिली. खुर्चीची आवड होती ना, ती आता जन्माची मिळाली.

त्यानं एक गोष्ट मात्र वेळेवर केली. बुधाजीचं प्लॅस्टर निघालं, तेव्हा हा काठी टेकत त्याच्या घरी गेला. केळी नेली नाहीत, हळहळला नाही. खाटेवर बसला, आपला गुडघा वाकवून दाखवला आणि सांगितलं, "बघ, एवढाच वाकतो. पुढचा सगळा मी सभेत घालवला. तू घालवू नकोस." बुधाजीच्या आईला राग आला. समाचाराला आलास की पोराला छळायला, असं तिनं तोंडावर विचारलं. तरी हा रोज जायचा, टाच ओढायला लावायचा, शिव्या खायचा. बुधाजी सहा महिन्यांत बॉयलरवर परत गेला.

साठ साली महाराष्ट्र राज्य झालं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी गिरणगावात गुलाल उधळला गेला, चाळीचाळींतून मिरवणुका निघाल्या. अण्णाला आपला जुना हिरो आठवला. त्यानं खुर्ची पुसून घेतली, बांबू बांधले, हार आणला आणि दारात येऊन म्हणाला, "गुणाजी, चल. आजचा मान तुझा."

गुणाजीनं हार घेतला आणि चंपाच्या गळ्यात घातला. चंपा लाजली, म्हणाली, ह्या वयात काय ह्या. मग तो अण्णाला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो चालत."

ते दोघं चालत निघाले. गर्दी फार, पाय हळू, मध्ये दोनदा थांबावं लागलं. मैदानावर पोचेपर्यंत भाषणं संपली होती आणि लोक परतू लागले होते. चंपा गवतावर बसली. गुणाजीला तसं खाली बसता येईना, तो तिच्या शेजारी काठीवर रेलून उभा राहिला आणि रिकामं होत चाललेलं व्यासपीठ बघत राहिला. खुर्ची तिथं होतीच, आणि तिच्यात अण्णानं दुसरं कुणीतरी बसवलं होतं.

नागरिकहो, आपल्या देशात खुर्चीत बसवायला आणि हार घालायला माणसांची कधीच वाण नव्हती. पडलेल्याला हात देऊन उभा करणारे, आणि तो कण्हला तरी हात न सोडणारे, थोडे असतात. बहुधा घरातलेच असतात. तुमच्या शेजारी कुणी पाय मोडून पडला असेल तर जरूर जा. पण उशी नीट करायला जाऊ नका. आणि पडलेले तुम्हीच असाल, तर लोकांचे सुस्कारे मोजत बसू नका. दुखलं तरी आज टाच ओढा, कारण गुडघा कुणाची वाट बघत नाही. गुणाजीला हे कळलं, पण निम्म्या गुडघ्याची किंमत देऊन कळलं.