पितळी डाख

एजिदिओचं काही चांगलं झालेलं ओत्तोरिनोला बघवत नसे. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली नळ्यांना डाख देऊन सायकलीच्या फ्रेमी जोडायला शिकले, पण परदेशातली माणसं पत्ता शोधत यायची ती एजिदिओच्या दारात. ओत्तोरिनोला मिरवायला एकच गोष्ट होती, लोरेदानाची लाल सायकल.

ती त्याने तिच्या वडिलांसाठी अगदी पातळ पोलादी नळ्यांची बनवली होती. "दोन हिवाळेसुद्धा काढणार नाही," एजिदिओ बारमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला आणि पैज लागली. फ्रेम टिकेल तोवर जुन्या सायकलींच्या शर्यतीनंतरची वाइन त्याच्याकडून. आता लोरेदानाचेच केस पिकले होते, तरी एजिदिओ दर शरदात पेला भरत म्हणायचा, "हरलो बाबा! तुझा हातच निराळा." ते ऐकलं की ओत्तोरिनोची जळजळ जरा शमायची.

यंदा शर्यतीआधी लोरेदानाने सायकल रंगवायला आणून दिली. ओत्तोरिनोने जुना रंग खरवडला, तर पुढच्या सांध्यात पिवळं चमकलं. त्याने तर सगळीकडे चांदीचा डाख दिला होता. पितळ वितळवायला लागणारी आच त्या पातळ नळ्यांना सोसलीच नसती. त्याने खालच्या नळीवर टिचकी मारली. आवाज भरीव आला. नळी जाड होती, त्याची नव्हतीच.

त्याने फोन लावला. "लोरेदाना, ही नळी कुणी बदलली?"

"काका, बाबांनी शपथ घातली होती हो. दुसऱ्याच वर्षी चिरली होती ती. एजिदिओकाकांनी गुपचूप करून दिली. म्हणाले, त्याला कळू देऊ नका, पोरगा हाय खाईल."

पोरगा! म्हणजे सांधाही त्याचा आणि वर मोठं मनही त्याचंच. ओत्तोरिनो भिंग घेऊन सांध्यात एखादं छिद्र, एखादा ओघळ शोधत बसला. काहीच सापडेना. शेवटी त्याने त्यावर लाल रंगाचे दोन जास्तीचे हात मारले.

शर्यत संपली. एजिदिओने पेला भरला. "हरलो बाबा! तुझा हातच निराळा."

खरं सांगून टाकावं, असं ओत्तोरिनोच्या ओठांवर आलं होतं. पण सगळा बार त्याच्याकडे बघत होता.

"दरवर्षी हरतोस लेका, लाज कशी वाटत नाही?"

बार खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यांदा एजिदिओ हसला, आणि हसता हसता भिंतीला टेकलेल्या लाल सायकलीच्या पुढच्या सांध्यावरून त्याने हळूच अंगठा फिरवला. तो अंगठा पिरगाळून टाकावा, असं ओत्तोरिनोला वाटलं.