काडेपेट्या शिकल्या

जालिंदर कांबळे कराडच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. चौसष्ट सालच्या आसपास त्यांनी एका मासिकात वाचलं, की खेळता खेळता स्वतःच शिकत जाणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरसाठी लिहिता येतो. त्यांनीही एक लिहिला. पण चालवायचा कशावर? कॉम्प्युटर राहिला मुंबईत, आणि तिथं ह्यांना आत कोण घेणार? शेवटी त्यांनी ठरवलं, काडेपेट्यांवर चालवू.

खेळ छोटा निवडला. नऊ घरांचा पट, समोरासमोर तीन-तीन प्यादी. चालायचं सरळ, मारायचं तिरकं. पलीकडं पोचेल तो जिंकला, चालच उरली नाही तो हरला. पटावरच्या प्रत्येक मांडणीला एक काडेपेटी. वर मांडणीचं चित्र, आत रंगीत मणी. एकेक रंग म्हणजे एकेक चाल. न बघता मणी काढायचा आणि तो सांगेल ती चाल खेळायची. पेट्या हरल्या, की त्यांनी काढलेला शेवटचा मणी कायमचा बाद.

समोर बसायला खेळाडू मुरलेला हवा होता. म्हणून एका रविवारी सगळा पसारा ट्रंकेत भरून ते सांगलीला सुभेदार मानसिंगरावांकडं गेले. पलटणीतून आल्यापासून सुभेदारांचा जीव बुद्धिबळात होता. जालिंदर त्यांना म्हणाले, "पहिली चाल कायम तुमची."

सुरुवातीला सुभेदार नुसते हसत होते. "मास्तर, तुमची पलटण लय अडाणी हाय!"

प्रत्येक हारीनंतर जालिंदर एक मणी बाजूला टाकत. दुपार कलली तसे डाव लांबायला लागले. मग सुभेदार एक डाव हरले. "चुकलो गड्या," म्हणाले. पुढचाही हरले. मधलं प्यादं आधी काढून पाहिलं, कडेचं काढून पाहिलं. हरले.

"तुमी मणी बघून काढताय."

"मग तुम्हीच काढा."

सुभेदारांनी डोळे मिटले आणि पेटीत बोट घातलं. त्यांच्याच हातानं निघालेल्या मण्यानं त्यांना हरवलं. 

मग जालिंदर स्वतः सुभेदारांच्या जागी बसून खेळले. प्रत्येक पेटी त्यांनी चिकटवलेली, प्रत्येक मणी त्यांनी मोजून घातलेला. तेही हरले. परत हरले. कागद ओढून त्यांनी सगळे डाव मुळापासून मांडायला घेतले. चहा निवून गेला.

"सुभेदार," बऱ्याच वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "ह्या खेळात पहिली चाल करणारा स्वतःच्या जोरावर जिंकूच शकत नाही. समोरचा चुकला नाही तर हार ठरलेली."

"मग आदीच सांगायचं न्हाई व्हय?"

"मलाच माहीत नव्हतं. मी या पेट्यांना हरल्यावर मणी टाकून द्यायचा एवढंच शिकवलं होतं."

सुभेदार काडेपेट्यांच्या रांगांकडं बघत राहिले. "म्हंजे तुमच्या आदी ह्यांना कळलं?"

कळलं म्हणावं का, हे जालिंदरना ठरवता येईना. मान मात्र होकारात हलली.

"आता तुम्ही दुसरी बाजू घ्या," ते म्हणाले. "म्हणजे जिंकाल."

"नगं." सुभेदारांनी प्यादी पुन्हा मांडली, पाठ ताठ केली. "हरू दे की. काय काय शिकल्यात ते बगू तरी."

आणि त्यांनी पहिलं प्यादं पुढं सरकवलं.