उघड्या दारावरचे कुलूप

मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. मित्रांनो, तोंड मिटून राहणे हाच माझा धर्म, पण आता गप्प बसवत नाही.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला चोरांपासून घर राखायला शिकवले. विकत मात्र घेतले एका शिवणकारखान्याच्या मालकाने, आणि आत बायका कामाला बसल्या की तो मला बाहेरून लावी! कुणाला बाहेर जायचे झाले, तर तिने टेबलावर कात्री आपटायची आणि मालक उठेपर्यंत थांबायचे. वर हा गृहस्थ मला इमानदार म्हणे. त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

एकदा इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला आणि याला किल्ली लवकर सापडेना. सगळ्याजणी कशाबशा वाचल्या. गल्लीने त्याला फैलावर घेतले, तेव्हा कुठे त्याने मला काढले. मग घासूनपुसून दारावरच्या खिळ्याला टांगले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की, मी यांना मोकळे केले. जणू मोकळीक याच्या बापाची मालमत्ता होती!

दार सताड उघडे, तरी बायका चौकटीशी येऊन कात्री आपटत आणि त्याची मान हलेपर्यंत थांबत. ते पाहून माझा जीव तीळतीळ तुटे.

काजे करणाऱ्या ताईंची आई समोरच्याच गल्लीत अंथरुणाला खिळलेली होती. तिचे दुपारचे औषध ताईंनीच द्यायचे. त्या दिवशी त्यांनी कात्री आपटली, तर मालक फोनवर गप्पा छाटत होता. पुन्हा आपटली. त्याने हातानेच थांबायला सांगितले. ताईंनी वर माझ्याकडे पाहिले, कात्री खाली ठेवली आणि सरळ चालू लागल्या.

ताई परतल्यावर मालक कडाडला, "कोणाला विचारून गेलीस? मी तुम्हाला मोकळं केलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

ताई म्हणाल्या, "तुम्ही फक्त कुलूप काढलंत. जाणं-येणं आमचंच होतं, तुम्ही ते अडवून ठेवलं होतंत. दुसऱ्याचं परत केलं, तर त्याला उपकार म्हणत नाहीत."

त्याने रागारागाने मला खिळ्यावरून ओढले. तशा सगळ्या मशिनी थांबल्या. एकेक बाई उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. आत उरला तो एकटा, हातात मला धरून. कोंडायला कुणीच नव्हते, म्हणून त्याने मला कोपऱ्यात भिरकावले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी निगा राखायची विनवणी करतात. माझे मागणे उलटे आहे. मला तेल घालू नका, खुशाल गंजू द्या. निगा राखायचीच तर त्या दाराची राखा. ते कुणीतरी उघडून दिले, एवढ्याने भागत नाही. त्यातून रोज आपल्या पायांनी, न विचारता, जावे लागते.

ताई अजूनही दुपारी कामावरून उठून आईकडे जातात. कात्री वाजत नाही.